सेकंद नेमका कोणाचा? हमरापूरच्या खाडीपासून विश्वाच्या वयापर्यंत

पनवेल–रोहा मार्गावर जिते आणि पेण यांच्या मध्ये हमरापूर स्टेशन लागतं. गाव तसं छोटं, पण गणपतीच्या मूर्तींमुळे सगळ्यांना माहीत. आसपासच्या जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतही मूर्तींचेच कारखाने आहेत. समजा, इथल्या एखाद्या कारखान्याच्या अंगणात तुम्ही सरळ काठी रोवली आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते, ते फोनच्या घड्याळात बघितलं. भर दुपार म्हणजे बारा वाजता होईल, असं आपण धरून चालतो. पण तसं होत नाही. वर्षाची सरासरी काढली तर ती वेळ येते १२ वाजून ३८ मिनिटं. फेब्रुवारीच्या मध्यावर तर ती १२:५२ च्या आसपास जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१ वर येते.

मग फोन चुकीचा की सूर्य? दोघंही बरोबर आहेत. फोनवरची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा जाते मिर्झापूरजवळून, उत्तर प्रदेशात. हमरापूर आहे साधारण ७३.१ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून सूर्य मिर्झापूरच्या डोक्यावर आल्यानंतर आपल्याकडे यायला ३८ मिनिटं घेतो. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी यावरून बराच आरडाओरडा केला होता. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि शहरात काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत पाळली जात होती. गंमत म्हणजे हमरापूरच्या सूर्याला ती जुनी ‘बॉम्बे टाइम’ आजच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त जुळते. फरक फक्त मिनिट-दीड मिनिटाचा.

म्हणजे ‘आत्ता किती वाजले’ हा करार आहे, हे मान्य करायला फारसं जड जात नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि पाळलं. पण सेकंदाचं काय? एक सेकंद किती लांबीचा, हे तरी निसर्गात पक्कं असेल ना? इथून गोष्ट खरी रंगते.

भरती आली, दिवस लांबला

शाळेत आपण शिकलो की दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद. म्हणजे सेकंद हा दिवसाचा ८६,४०० वा भाग. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरोखर हीच व्याख्या होती. अडचण एकच. दिवस स्वतःच एका लांबीचा राहत नाही.

यातला मुख्य आरोपी पेणच्या खाडीपट्ट्यात रोज दोनदा हजेरी लावतो. उधाणाची भरती आली, बांध फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं, ही इथली जुनी डोकेदुखी आहे. तेच भरतीचं पाणी जगभरच्या समुद्रतळावर आणि किनाऱ्यांवर घासतं आणि पृथ्वीच्या फिरण्याला हलकासा ब्रेक लावतं. परिणाम: एका शतकात दिवस साधारण १.७ ते १.८ मिलिसेकंदांनी लांबतो. ऐकायला काहीच नाही. पण ६२ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाच्या थरांत भरती-ओहोटीच्या ज्या खुणा उरल्या आहेत, त्यांवरून तेव्हाचा दिवस २२ तासांच्या आसपास निघतो. शिवाय पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींमुळे आणि वाऱ्यांमुळे हा वेग मधेच थोडा वाढतो, मधेच कमी होतो. अलीकडच्या काही वर्षांत तो थोडा वाढलेलाच दिसला.

अशा डुगडुगत्या भोवऱ्यावर मोजमाप कसं बांधायचं? म्हणून १९६० मध्ये सेकंद दिवसावरून काढून वर्षावर बसवला गेला आणि १९६७ मध्ये तो थेट अणूवर गेला. आजची व्याख्या अशी: सीझियम-१३३ या अणूच्या दोन ठरावीक ऊर्जापातळ्यांमधल्या बदलाशी जुळणाऱ्या लहरींची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं व्हायला जितका वेळ लागतो, तो एक सेकंद.

हा विचित्र आकडा कुठून आला? इंग्लंडमध्ये लुई एसेन यांनी १९५५ मध्ये पहिलं कामाचं सीझियम घड्याळ बनवलं. मग त्याची आकाशातल्या चंद्राच्या जागेशी जवळपास तीन वर्षं तुलना केली गेली आणि जुन्या सेकंदात जितकी आंदोलनं बसली तो आकडा पक्का केला. जुना सेकंद मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवरून आला होता. त्यामुळे तुमच्या फोनमधला सेकंद म्हणजे प्रत्यक्षात साधारण १८२० सालच्या दिवसाचा ८६,४०० वा भाग आहे, अणूमध्ये गोठवून ठेवलेला. पेशवाई संपल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला.

पृथ्वी पुढे आणखी मंदावली. मग अणूची वेळ आणि सूर्याची वेळ यांत फट पडायला लागली. ती बुजवायला १९७२ पासून अधूनमधून एक ‘लीप सेकंद’ घातला जातो. आतापर्यंत असे २७ घातले गेले. शेवटचा १ जानेवारी २०१७ ला, आपल्याकडे पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंदांनी. हो, ६०. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार अजिबात आवडत नाही, कारण बहुतेक कोडमध्ये मिनिटाला ६१ वा सेकंद असू शकतो हे कोणी गृहीतच धरलेलं नसतं. २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्समधल्या एका बगमुळे जगभरातले कितीतरी सर्व्हर अडकून पडले होते. शेवटी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायची. माझ्या मते हा निर्णय दहा वर्षं आधीच व्हायला हवा होता.

कळसूबाईवरचा सेकंद

सीझियमने पृथ्वीची कटकट मिटवली. आता आइन्स्टाइनची सुरू होते.

सापेक्षतेचा सिद्धांत सांगतो की गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यात जितकं खोल जाल तितकी वेळ हळू चालते आणि जितक्या वेगाने पळाल तितकीही हळू चालते. हमरापूर जवळपास समुद्रसपाटीवर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. दोन अगदी सारखी सीझियम घड्याळं घेतली, एक हमरापूरला ठेवलं आणि एक कळसूबाईवर नेलं, तर वरचं घड्याळ वर्षाला सुमारे साडेपाच मायक्रोसेकंद पुढे जाईल. ही कल्पना नाही. अमेरिकेत बोल्डर या ठिकाणी सरकारी घड्याळं जवळपास याच उंचीवर आहेत आणि तिथे ही दुरुस्ती रोजच्या कामाचा भाग आहे.

आता नीट विचार करा. या दोन घड्याळांपैकी चुकीचं कोणतं?

कोणतंच नाही. कळसूबाईवरच्या सीझियमने स्वतःची ९१९ कोटींची मोजणी पूर्ण केली की तिथला एक सेकंद झाला. हमरापूरचंही तसंच. सेकंदाची व्याख्या ‘त्या जागी, त्या अणूजवळ’ एवढ्यापुरतीच आहे. घड्याळ बिघडलेलं नाही, त्या दोन ठिकाणी वेळच वेगवेगळी उलटली आहे. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, कारण आपल्याला वाटत असतं की कुठेतरी वर एक मोठं ‘खरं’ घड्याळ टांगलेलं आहे आणि बाकी सगळी त्याच्याशी जुळवायची. तसं घड्याळ नाही.

मग जगाची एक वेळ चालते कशी? पुन्हा करार करून. ८० हून जास्त संस्थांमधली ४०० हून अधिक अणुघड्याळं आपापली मोजणी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाला पाठवतात. आपल्याकडून दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा पाठवते. ठरलंय असं की ‘जगाचा सेकंद’ हा समुद्रसपाटीवरचा धरायचा. ज्याचं घड्याळ उंचावर आहे त्याची तेवढी घाई वजा करायची, मग सगळ्यांची सरासरी काढायची. उंचीची ही दुरुस्ती १९७७ पासून लागू झाली. त्याआधी जगाची अधिकृत अणुवेळ एक लाख कोटी भागांत एक भाग जोरात पळत होती.

खिशातला आइन्स्टाइन

मूर्ती न्यायला आलेला टेम्पो मॅपवरच्या पिनच्या भरवशावर येतो. ती पिन म्हणजे खरं तर घड्याळांचीच तुलना आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘माझ्याकडे आत्ता इतके वाजले’ एवढंच ओरडत असतात. सिग्नल पोचायला किती उशीर झाला यावरून फोन अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर.

उपग्रह उंचावर असल्यामुळे त्यातलं घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. तो सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर वेगाने पळतो म्हणून ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. शिल्लक राहते दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांची घाई. (सूर्याची ३८ मिनिटं आणि आइन्स्टाइनचे ३८ मायक्रोसेकंद, हा निव्वळ योगायोग.) यावर उपाय साधा केला आहे: घड्याळ जमिनीवर असतानाच त्याची चाल तेवढी मंद करून ठेवायची. वर गेलं की ते बरोबर समुद्रसपाटीच्या सेकंदाने चालतं.

इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल की ही दुरुस्ती केली नाही तर रोज ११ किलोमीटरची चूक होईल. ३८ ला ३०० मीटरने गुणलं की हा आकडा येतो खरा, पण तो जरा जपून घ्यायचा. सगळे उपग्रह सारख्याच प्रमाणात पुढे पळाले तर फोनला त्याचा तितका त्रास होत नाही. फोनचं स्वतःचं घड्याळ किती चुकलंय हे तो आधीच अज्ञात मानतो, म्हणून तर तीनऐवजी चार उपग्रह लागतात. सगळ्यांची समान चूक त्या अज्ञातात जिरून जाते. खरी अडचण वेगळी आहे. उपग्रहांच्या कक्षा अगदी गोल नाहीत, किंचित लंबगोल आहेत. त्यामुळे एका फेरीत प्रत्येकाचं घड्याळ वेगवेगळ्या वेळी थोडं पुढे-मागे होतं, काही दहा नॅनोसेकंदांनी. ही चूक समान नाही, ती जिरत नाही, आणि तिच्यामुळे पिन दहा-पंधरा मीटरपर्यंत हलू शकते. म्हणजे हा कारखाना की शेजारचा, एवढा फरक. ही दुरुस्ती उपग्रह करत नाही, तुमच्या फोनमधली चिप करते. सापेक्षतेचं एक सूत्र तुमच्या खिशात रोज चालू असतं, मॅप उघडलात की.

आपल्या नाविक यंत्रणेचे उपग्रह आणखी वर आहेत, जवळपास ३६,००० किलोमीटरवर, आणि त्यांचा वेग कमी आहे. साधा हिशेब केला तर त्यांची घाई दिवसाला सुमारे ४६ मायक्रोसेकंद निघते. पण नाविकची खरी दुखरी नस सापेक्षता नव्हती, घड्याळच होती. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली. ती परदेशातून घेतलेली होती. उपग्रह वर ठणठणीत, पण घड्याळ नाही म्हणून जागा सांगायला निरुपयोगी. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं देशी रुबिडियम घड्याळ बसवलं. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये सुटला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. तुमचा फोन नाविकचे सिग्नल पकडतो का, हे जीपीएसटेस्ट नावाच्या फुकट ॲपमध्ये बघता येतं. भारताचा झेंडा दिसला की समजा, पकडतो.

‘मला काय त्याचं’ असं वाटत असेल तर ओटीपी ॲप आठवा. ऑथेंटिकेटरमधला कोड दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतो. फोनची वेळ दोन-तीन मिनिटं चुकवून बघा, कोड चालणार नाही. किंवा कोणाच्या खात्यातून पैसे गेले आणि तक्रार झाली, तर बँकेचा लॉग, मोबाइल कंपनीचा लॉग आणि ॲपचा लॉग शेजारी ठेवून आधी काय झालं आणि नंतर काय, हे ठरवावं लागतं. तिघांची घड्याळं वेगळी असतील तर क्रमच लागत नाही. म्हणून सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की तुमचे सर्व्हर एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, नाहीतर निदान त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी.

पृथ्वीच डुलते तेव्हा

समुद्रसपाटीचा सेकंद पृथ्वीपुरता ठीक आहे. बाहेर नजर टाकली की तोही पुरत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथे पल्सारांची टिकटिक मोजतात. पल्सार म्हणजे सेकंदात शेकडो वेळाही फिरू शकणारे मेलेले तारे, निसर्गाची अतिशय नेमकी घड्याळं. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून, जीएमआरटीची निरीक्षणंही वापरून, अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. इतर देशांच्या गटांनीही त्याच वेळी तसेच निकाल दिले.

यासाठी टिकटिकीतला मायक्रोसेकंदाहून लहान फरक पकडावा लागतो. आणि इथे पृथ्वीच दगा देते. जानेवारीत आपण सूर्याच्या थोडे जवळ असतो आणि जास्त वेगाने पळतो, म्हणून पृथ्वीवरची सगळी घड्याळं किंचित मंदावतात. जुलैत उलट होतं. वर्षभरात हे डुलणं दोन्ही बाजूंना सुमारे १.७ मिलिसेकंदांपर्यंत जातं. आपल्याला कधीच कळत नाही, कारण सगळे एकत्रच डुलतो. पल्सारला मात्र कळतं. त्यामुळे खोडदची वेळ थेट वापरत नाहीत. ती सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर बसलेल्या एका काल्पनिक घड्याळात बदलून घेतात. तिथे खरं घड्याळ कोणी ठेवलेलं नाही. ते कागदावरचं आहे, पण त्याशिवाय काम होत नाही.

मग १३८० कोटी वर्षं कोणाची?

आता मोठा प्रश्न. विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं आहे असं आपण वाचतो. पण प्रत्येक जागेची वेळ वेगळी असेल तर हे वय कोणाच्या घड्याळातलं?

उत्तर असं: जो निरीक्षक विश्वाच्या प्रसरणाबरोबर नुसता वाहतोय, स्वतः वेगळा कुठे पळत नाही, त्याच्या घड्याळातलं. असा निरीक्षक ओळखायची सोयही आहे. महास्फोटानंतरच्या उष्णतेचा अवशेष म्हणून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण त्याला सर्व दिशांनी सारखंच दिसतं. आपल्याला तसं दिसत नाही. एका बाजूला ते किंचित गरम, विरुद्ध बाजूला किंचित थंड दिसतं. त्यावरून कळतं की आपली सूर्यमाला त्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जातेय.

मग आपलं घड्याळ किती मागे पडलं? हाच वेग पहिल्यापासून होता असं धरलं (तसा तो नव्हता, अंदाजापुरतं धरू), तर फरक येतो दहा लाखांत पाऊण भाग. १३८० कोटी वर्षांत तो होतो साधारण दहा हजार वर्षं. दहा हजार वर्षं म्हणजे माणसाच्या शेतीचा जवळपास सगळा इतिहास. पण प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून आलेल्या या वयातली अनिश्चितताच सुमारे दोन कोटी वर्षांची आहे. त्यामुळे ‘कोणाचं घड्याळ’ हा वाद तत्त्वाने बरोबर असला तरी आकड्यात बुडून जातो. कृष्णविवराच्या तोंडाशी बसलेल्या कोणाला विचारलंत तर मात्र त्याचं उत्तर फारच वेगळं येईल, आणि तेही त्याच्यापुरतं बरोबरच असेल.

‘वर्ष’ कोणतं हाही प्रश्न आहेच, पृथ्वी तर जेमतेम ४५४ कोटी वर्षांची. खगोलशास्त्रज्ञ वर्ष म्हणजे सरळ ३६५.२५ गुणिले ८६,४०० सेकंद धरतात आणि मोकळे होतात. आणि सेकंद सीझियमचा. सुरुवातीला सीझियम नव्हतं, ते पुढे ताऱ्यांमध्ये तयार झालं. तरी हिशेब चालतो, कारण आपण त्या अणूची गरज धरत नाही, त्याला चालवणारे नियम तेव्हाही हेच होते एवढं धरतो. ते तपासताही येतं. आफ्रिकेत गॅबॉन देशात ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खाणीत आपोआप अणुभट्टी पेटली होती. तिच्या राखेवरून दिसतं की तेव्हापासून अणूंचे नियम मोजता येईल इतके बदललेले नाहीत.

(कल्प ४३२ कोटी वर्षांचा, म्हणून आपल्या पूर्वजांना विश्वाचं वय माहीत होतं, असे फॉरवर्ड येतात. कल्पाचा आकडा भव्य आहे, पण तो १३८० कोटी नाही.)

आणि हे वय कोणी घड्याळ लावून मोजलेलं नाही, ते प्रसरणाच्या मॉडेलमधून काढलेलं आहे. मॉडेल बदललं की वय बदलतं. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात आयुका उभी करणारे जयंत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेत राहिले. फ्रेड हॉईल यांच्या ज्या स्थिर स्थितीच्या विश्वावर त्यांनी काम केलं, त्यात विश्वाला सुरुवातच नाही, म्हणून वयही नाही. पुरावे त्या बाजूने गेले नाहीत. पण प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला तर एकीकडे ६७ आणि दुसरीकडे ७३ येतो (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक), आणि हे भांडण अजून मिटलेलं नाही.

सेकंदाची व्याख्या मात्र पुन्हा बदलायच्या मार्गावर आहे. नवी ‘ऑप्टिकल’ घड्याळं सीझियमपेक्षा शंभर पटींहून नेमकी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एका मिलिमीटरच्या उंचीतला वेळेचा फरकसुद्धा मोजून दाखवला. साधारण २०३० च्या आसपास नवी व्याख्या यावी असा बेत आहे, आणि पुण्यात आयुकामध्ये इटर्बियमच्या आयनवर चालणारं असं घड्याळ बनवायचं काम चालू आहे. त्यातून जुनीच अडचण नव्या रूपात आली आहे. इतक्या नेमक्या दोन घड्याळांची तुलना करायची तर दोन्ही ठिकाणांची उंची सेंटिमीटरमध्ये माहीत हवी. आणि जमीन एका उंचीवर राहत नाही. चंद्र नुसतं खाडीचं पाणी उचलत नाही, खालचा खडकही दिवसातून दोनदा काही दहा सेंटिमीटरपर्यंत वर-खाली करतो.